चारशेची वार्ता

मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात, लोकसभेच्या निवडणुकीची धामधूम ऐन भरात असताना, आमच्या खेड तालुक्यात सर्वांत अधिक चर्चा कोणत्या उमेदवाराची होती असे कोणी मला विचारले, तर मी शपथेवर सांगेन की तो उमेदवार दोन चाकांचा होता. आमच्याकडचे मतदान १३ मेला व्हायचे होते. कर्णे फिरत होते, पत्रके उडत होती, उन्हाने डोकी तापली होती. पण महाविद्यालयासमोरच्या ज्या चहाच्या टपरीवर देशाच्या भवितव्याचा निकाल रोज सकाळी साडेदहाला लागतो, तिथे राजकारण एकाएकी बंद पडले. ३ मेला बजाजने नवी पल्सर जाहीर केली होती. नाव एनएस चारशे झेड. आजवरची सर्वांत मोठी पल्सर!

आता मराठीच्या अधिव्याख्यात्याने मोटारसायकलवर लिहावे म्हणजे आचाऱ्याने मुहूर्त काढावा तसे झाले, असे या सदराचे काही वाचक म्हणतील. खुशाल म्हणोत. चाकणची कारखान्यांची वसाहत आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप एके काळी त्या जमिनीत बटाटे आणि कांदे काढीत, आणि आता मुले त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या शेडमध्ये पाळ्या करतात. आमच्याकडे मोटारसायकल ही चैनीची गोष्ट नाही. ती आमच्याकडे पिकते.

पहिली प्रतिक्रिया अर्थातच किमतीवर झाली. शोरूमचा भाव १ लाख ८५ हजार! हा आकडा ऐकून टपरीवरचा एक मुलगा हातातला वडापाव तसाच धरून उभा राहिला. मागच्याच वर्षी, २०२३ साली, टीव्हीएसची अपाची ३१० आली ती २ लाख ४३ हजारांना. आमच्या चाकणलाच तयार होणारी ट्रायम्फ स्पीड ४०० होती २ लाख ३३ हजारांना. आणि केटीएमची नवी ड्यूक ३९० तर ३ लाख १० हजारांपासून पुढे. या सगळ्या मुलांनी केवळ भिंतीवर लावण्यासाठी असतात अशी समजूत करून घेतली होती. आणि इथे ३७३ सीसीचे इंजिन, ४० पीएसची ताकद, सहा गिअर, पुढे सोनेरी रंगाचे जाडजूड उलटे फोर्क, असा सगळा संसार दोन लाखांच्या आत! मुलांचे चेहरे असे उजळले, की तसे ते मी माझ्या तासाला कधी पाहिलेले नाहीत.

पण आमचा समाज आनंदावर फार काळ विश्वास ठेवीत नाही. टपरीवर दूध घालायला येणारे एक गृहस्थ आहेत. पल्सर दीडशेच्या दोन्ही अंगांना कॅन अडकवून गेली अठरा वर्षे ते रतीब घालताहेत. त्यांनी भाव ऐकला, मान हलवली आणि म्हणाले, "सर, या भावात म्हशीचं दूध कुणी देत नसतं. कुठंतरी पाणी असणार."

झाले. पुढचे आठ दिवस टपरीवर पाणी शोधण्याचे काम चालू होते. आणि शोधले म्हणजे सापडतेच. एकजण म्हणाला, इंजिन जुनेच आहे. डॉमिनारचेच काढून इकडे बसवले. (ते खरेच होते. डॉमिनार २०१६ च्या डिसेंबरात आली आणि तिचे इंजिन मुळात पहिल्या ड्यूक ३९० च्या घराण्यातले. ड्यूकने मात्र २०२३ साली ते सोडून नवे, थोडे मोठे इंजिन घेतले.) दुसरा म्हणाला, मागचे टायर १४० चे, एवढ्या अंगाच्या गाडीला हे सायकलचे चाक शोभत नाही. तिसऱ्याला टाकी खुपली. बारा लिटर! भीमाशंकरला जाऊन येईतो पंपावर उभे राहायचे की काय? चौथ्याने सांगितले, लांबून पाहिली तर एनएस दोनशेच वाटते, मग लोकांना कळणार कसे की आपण चारशे घेतली? मला हा चौथा आक्षेप सर्वांत प्रामाणिक वाटला.

दूधवाल्या गृहस्थांनी शेवटी गणित मांडले. "नाव चारशे आणि भरतं किती? तीनशे त्र्याहत्तर. म्हणजे सत्तावीसाचं माप मारलं!"

माझा स्वतःचा धंदा समीक्षेचा. पुस्तक आले की त्याची बांधणी, भाषा, पूर्वसुरींचे ऋण यांवर बोलायचे, हे मी वीस वर्षे करीत आलो. त्या आठ दिवसांत मी टपरीच्या बाकावर बसून जे ऐकले त्याच्या तोडीची समीक्षा आमच्या चर्चासत्रांत क्वचितच ऐकायला मिळते. पूर्वसुरींचे ऋण तर त्यांनी पहिल्याच दिवशी पकडले. शिवाय या समीक्षकांनी ती वस्तू मन लावून वाचलेली होती. वजन १७४ किलो, पुढची डिस्क ३२० मिलिमीटरची, सगळे तोंडपाठ. ज्याला निबंधाच्या पेपरात पाच ओळी सुचत नाहीत तो मुलगा स्लिपर क्लचवर पंधरा मिनिटे अस्खलित बोलला.

या स्लिपर क्लचची गंमत सांगितलीच पाहिजे. मुलगा भर वेगात उत्साहाने खालचा गिअर टाकतो, त्या वेळी इंजिन एकदम मागे ओढते आणि मागचे चाक अडखळून उड्या मारू लागते. हा क्लच नेमका तेवढ्या क्षणापुरता थोडा घसरतो आणि चाकाला सांभाळून घेतो. म्हणजे घसरणे हाच ज्याचा गुण, असा प्राणी! दुसरी मौज 'राइड बाय वायर' या नावाची. पूर्वी ॲक्सिलरेटर पिळला की एक पोलादी तार इंजिनाचे दार ओढून उघडी. आता मूठ पिळल्याची वर्दी आधी आतल्या संगणकाला विजेने जाते आणि दार किती उघडायचे ते तो ठरवतो. गाडीतली तार गेली आणि नावात आली. या संगणकामुळेच चालवण्याच्या चार तऱ्हा करता आल्या : रोड, रेन, स्पोर्ट आणि ऑफ-रोड. एकाने मला गंभीरपणे विचारले, "सर, चाकण चौकातून जाताना कोणता मोड लावायचा?" मी काही बोलण्याआधीच दुसऱ्याने उत्तर दिले, "इंजिन बंद." ताशी १५४ किलोमीटर वेगाची ही गाडी ज्या पुणे-नाशिक रस्त्यावर धावायची, तिथे संध्याकाळी तळेगाव चौकात माणूस गाडीवर बसल्या बसल्या एक एकांकिका वाचून संपवू शकतो.

गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्री आहेत. यामाहाची आरएक्स शंभर डोळे मिटून उघडावी आणि मिटल्या डोळ्यांनीच जोडावी, असा त्यांचा लौकिक. त्यांची प्रतिक्रिया विचारायला मी मुद्दाम गेलो. त्यांनी हात पुसले, मोबाइलवरचे चित्र लांब धरून पाहिले आणि म्हणाले, "देखणी आहे. पण सर, ही माझ्याकडे येणार नाही. पूर्वी गाडी आजारी पडली की आम्ही तिच्या छातीला कान लावायचो. आता आधी तार जोडून तिची कुंडली काढावी लागते. ते यंत्र घ्यायचं कुणी?" मग थोड्या वेळाने, जणू मला बरे वाटावे म्हणून, त्यांनी राजदूत तीनशेपन्नासची आठवण सांगितली. १९८३ च्या सुमारास ती आली तेव्हाही सगळे असेच पाहायला जमत, आणि 'ॲव्हरेज किती?' हा एकच प्रश्न विचारून घरी जात. त्या प्रश्नाने ती गाडी बसवली. आता मुले ॲव्हरेज विचारतात खरी, पण सर्वांत शेवटी, आणि तेही जरा खाली मान घालून.

२००१ साली पहिली पल्सर आली तेव्हा मी स्वतः विद्यार्थी होतो. ही गाडी पुरुषजातीची आहे असे तेव्हाची जाहिरात ठासून सांगे. मराठीचे व्याकरण तेव्हापासून या गाडीपुढे हतबल आहे, कारण आपल्याकडे गाडी स्त्रीलिंगी. पोरे छाती काढून सांगत, "ती पल्सर माझी आहे," आणि कंपनी सांगे, 'तो' आहे. हे मी वर्गात लिंगविचार शिकवताना सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. ती दररोज वडिलांची स्प्लेंडर घेऊन अकरा किलोमीटर येते, कारण तिच्या गावची एसटी चुकली तर पुढची दीड तासाने. ती म्हणाली, "सर, सगळे पिकअप विचारतात, टॉप विचारतात. सीटची उंची कुणी विचारली का? ऐंशी सेंटिमीटरच्या वर आहे. सिग्नलला माझे पाय टेकले पाहिजेत. वेगाचं मग बघू." मुले हसली. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. एवढ्या आठवड्यात टपरीवर कोणालाही न सुचलेला मुद्दा तिने मांडला होता, आणि तो गाडी रोज वापरणाऱ्याचा होता.

हे सर्व चालू असता एक मुलगा बाकाच्या टोकाला बसून गप्प होता. तृतीय वर्ष, विशेष मराठी. दुपारी तीन ते रात्री साडेअकरा चाकणच्या एका लहान कारखान्यात काम करतो आणि सकाळी तासाला येतो. येतो म्हणजे, कधी कधी बसल्या जागी झोपतो. पण मी त्याला उठवीत नाही. दोघेतिघे पांगल्यावर त्याने मोबाइलवरचे ते चित्र बोटांनी मोठे केले आणि एका जागी बोट ठेवले. पाय ठेवायची खुंटी जिथे बसते, तिथला ॲल्युमिनियमचा काळा तुकडा.

"सर, हा आमच्या मशिनवरून जातो."

गेले काही महिने तो हा तुकडा करीत होता. त्याला फक्त एवढे कळले होते की नवा भाग आला आहे, नवे ड्रॉइंग आहे, आणि भोकाचे माप पूर्वीपेक्षा काटेकोर आहे. कोणत्या गाडीचा, ते कोणी सांगितले नव्हते आणि त्याने विचारले नव्हते. चित्र पाहिल्यावर त्याने त्याच्या वळणावरून ओळखला. सगळा तालुका गाडीवर बोलत होता आणि तिला हात लावलेला एकटा हा मुलगा चहाचा पेला घेऊन ऐकत बसला होता.

"दिवसाला किती होतात ते मी मोजतो," तो म्हणाला. "त्यातला एक तरी आपल्याकडे असावा असं वाटतं."

ऑगस्टात तो माझ्या घरी आला. पतसंस्थेचे कर्ज काढायचे होते आणि पगारदार जामीन हवा होता. आमच्या सौभाग्यवतींनी चहा ठेवता ठेवता माझ्याकडे जे पाहिले, त्याचा अर्थ लग्नाला वीस वर्षे झालेल्या वाचकांना समजावून सांगायला नको. मी सही करण्याआधी उत्तरपत्रिकेच्या एका कोऱ्या पानावर हिशेब मांडायला घेतला. शोरूमचा भाव १ लाख ८५ हजार. महाराष्ट्रात ३०० सीसीच्या आसपासची रेषा ओलांडली की रस्ताकर बारा टक्के, म्हणजे २२ हजार २०० रुपये. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ विमा सक्तीचा. तो ३५० सीसीपर्यंत ७ हजार ३६५ रुपये आणि त्यापुढे १५ हजार ११७, वर त्यावरचा कर निराळा. गाडी होती ३७३ ची. वरच्या तेवीस सीसींनी विमा दुप्पट केला! (पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर आले. ३५० पर्यंतच्या मोटारसायकलींवर तो १८ टक्के झाला आणि त्यावर ४०. दूधवाल्यांना सत्तावीसाचे माप कमी पडले होते; सरकारच्या मापात तेवीस जास्त भरले.) सगळे धरून रक्कम सव्वादोन लाखांच्या पुढे गेली. साठवलेले ऐंशी हजार त्याच्याजवळ होते. राहिलेल्या दीड लाखाचा तीन वर्षे दरमहा पाच हजारांच्या आसपास हप्ता. म्हणजे पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

"दोनशे का घेत नाहीस?" मी विचारले. "तीही चांगली, कर कमी, विमा कमी."

"तिला आमचा तुकडा नाही, सर."

या उत्तरापुढे हिशेब चालेना. पण सही माझी असली, तरी घर त्याचे होते. मी म्हटले, तुझ्या आईशी बोलल्याशिवाय मी काही करणार नाही. रविवारी त्यांच्याकडे गेलो. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे शेवग्याचे झाड. जमीन गेली तेव्हा आलेले पैसे भावकीत वाटून, कज्ज्यात मुरून कधीच संपले होते. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली आणि त्यांत शेकडा चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती, हे मी तिथे जाण्यापूर्वी मुद्दाम पाहून गेलो होतो. आई नको म्हणेल, तिच्या नकाराला हा आकडा जोडावा आणि दोघांनी मिळून मुलाची समजूत घालावी, असा माझा बेत होता.

ती माऊली म्हणाली, "सर, तुम्ही सही करा."

मी गप्प झालो. ती पुढे बोलू लागली, "रात्री साडेअकराला पाळी सुटती. हा कुणाच्यातरी मागं बसून येतो. आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या. तो चालवणारा कसा चालवतो, पिऊन आलाय का, झोपेत आहे, मला काय ठावं? दार वाजूस्तवर मी जागीच. त्याची स्वतःची असली तर हात तरी त्याचा असंल." मग तिने मला एक प्रश्न विचारला. तिचा दीर पावसात ब्रेक लावताना चाक अडकून घसरला होता, तेव्हापासून ती हे विचारून ठेवीत आली होती. "ह्या गाडीला ते चाक न अडकणारं ब्रेक आहे ना? का नुसतं नावाला?"

मुलगा पुढे झाला. दोन्ही चाकांना आहे, त्याने सांगितले. एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या प्रत्येक गाडीला एबीएस सक्तीचे आहे. चाक अडकतेय असे दिसले की ब्रेक आपोआप सोडून पुन्हा धरला जातो, सेकंदात कितीतरी वेळा. माणसाच्या हाताला ते जमत नाही. त्याने हातात पाण्याचा तांब्या धरून, बोटे सोडून-आवळून आईला ते दाखवले. इतके सोपे आणि नेमके गद्य त्याच्या परीक्षेच्या पेपरात मला आढळले नव्हते. माझ्या खिशातला आकडा खिशातच राहिला. "आणि हेल्मेट," आई म्हणाली, "ते घरातनं निघतानाच घालायचं. हँडलाला टांगायचं नाही. टांगलेलं दिसलं तर मी सरांना सांगंन." पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या थोर मंडळींना मी या बाईंसमोर एकदा उभे करीन म्हणतो.

मी सही केली. गाडी गणपतीच्या आधी आली. पोरे नवी गाडी आणली की पहिल्यांदा साडी अडकू नये म्हणून लावलेली जाळी काढून टाकतात. याने ती ठेवली, कारण पहिल्या दिवशी मागे आई बसायची होती. मागची सीट जरा उंच आणि अरुंदच. ती एका अंगाला बसली, पदर खोचला, आणि "हळू" एवढे म्हणाली.

या गोष्टीला वर्ष होत आले तोच, जुलै २०२५ मध्ये, टपरीवर पुन्हा गर्दी जमली. त्याच गाडीची सुधारलेली आवृत्ती आली होती. मागचे टायर १४० चे १५० झाले होते, आणि रेडियल. ताकद ४० ची ४३. स्पोर्ट मोडमध्ये क्लच न दाबता गिअर बदलण्याची सोय. ब्रेकची पॅडे सुधारलेली. किंमत १ लाख ९२ हजार. दूधवाले गृहस्थ कॅन खाली ठेवून म्हणाले, "बघा, म्हणालो नव्हतो? पाणी काढलं त्यांनी." टायरवर टीका करणारा तो मुलगा तर असा हिंडत होता की जणू कारखान्याने त्याला विचारूनच माप ठरवले. मला त्याचा थोडा हेवा वाटला. वीस वर्षांत माझ्या परीक्षणामुळे एकाही कादंबरीची दुसरी आवृत्ती रुंद झालेली नाही.

तेवढ्यात रात्रपाळीचा आमचा मुलगा आला. आता तो पदवीधर झाला आहे आणि बी.एड.च्या प्रवेशाचे पाहतो आहे. कारखाना सुटलेला नाही. गाडी लावून, हेल्मेट काखेत घेऊन तो गर्दीत शिरला. कोणीतरी खवचटपणे विचारले, "काय रे, घाई केलीस! वर्षभर थांबला असतास तर सात हजारांत जाड टायर मिळालं असतं." मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. अकरा हप्ते फिटले होते, पंचवीस राहिले होते.

त्याने मोबाइल घेतला, नव्या गाडीचे चित्र नेहमीप्रमाणे दोन बोटांनी मोठे केले आणि खाली खुंटीपाशी नेले. बराच वेळ पाहिले.

"तुकडा तोच आहे," तो म्हणाला, आणि चहा सांगितला.